टीमचा विकी फायलींमध्ये कसा उतरवून घ्यायचा

काही वर्षांपूर्वी एका छोट्या ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी जुना सर्व्हर बंद व्हायचा होता, आणि त्यावरचा टीमचा विकी 'उतरवून ठेवायचं' काम माझ्या गळ्यात पडलं. मी निर्यातीचं बटण शोधलं, दाबलं, एक भलीमोठी फाइल मिळाली. सगळ्यांना 'झालं' म्हणून कळवलं आणि घरी गेलो. तीन महिन्यांनी कुणीतरी बिलिंगच्या पानावरचा फ्लोचार्ट मागितला. फाइल उघडली, तर फ्लोचार्टच्या जागी फ्लोचार्टचं फक्त नाव. सर्व्हर तर केव्हाच भंगारात गेला होता.

तेव्हा मला ठाऊक नव्हत्या त्या गोष्टी इथे क्रमाने लिहितो. उदाहरण मीडियाविकीचं घेतो, कारण विकिपीडिया ज्यावर चालतो तेच हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि म्हणून कित्येक कंपन्या, प्रयोगशाळा नि स्वयंसेवी गट आपला अंतर्गत विकी त्यावरच उभा करतात. तुमचा विकी वेगळा असेल तर शेवटाकडे थोडं लिहिलं आहे, पण यादीचा आणि नावांचा भाग तुम्हालाही लागेल. आज्ञांचे उच्चार मी देवनागरीत देतोय. पडद्यावर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

सुरुवात करण्याआधी

विकी सांभाळणाऱ्या ॲडमिनला सांगा. परवानगी हवी म्हणून तर सांगाच, पण स्वार्थ म्हणूनही सांगा. त्याच्याकडे सर्व्हरवर चालवायची 'डंपबॅकअप' नावाची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, असते. ती मीडियाविकीसोबतच येते आणि सगळी पानं थेट डेटाबेसमधून एका एक्सएमएल फाइलीत (टॅग नावाच्या खुणांनी भाग पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत) काढते. ॲडमिनने ती चालवून दिली आणि चित्रांचं 'इमेजेस' फोल्डरही कॉपी करून दिलं, तर तुमचं निम्मं काम चहा होईपर्यंत झालं. मग थेट 'एक फाइल, हजार फायली'वर या.

बहुतेकदा मात्र ॲडमिन नोकरी सोडून गेलेला असतो, किंवा सर्व्हर कुणाच्या ताब्यात आहे हेच माहीत नसतं. म्हणून पुढचा मार्ग बाहेरून, ब्राउझरच्या वाटेने जाणारा आहे.

आणखी एक. टीमच्या विकीवर लोक काय काय लिहून ठेवतात याचा नेम नसतो: वाय-फायचे पासवर्ड, ग्राहकांचे फोन नंबर, कुणाच्या तरी पगाराची चर्चा. हे सगळं तुमच्या लॅपटॉपवर उतरणार आहे. ते घरच्या लॅपटॉपवर उतरवू नका.

पहिली पायरी: यादी

नवशिक्याला वाटतं की डाउनलोड आधी आणि मोजणी नंतर. उलटं करा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, आणि आडात किती आहे हेच माहीत नसेल तर पोहरा भरला की नाही हे कसं कळणार?

'विशेष पाने' या दुव्यावर जा आणि सर्व पानांची यादी उघडा. विकीचा इंटरफेस इंग्रजीत असेल तर ती 'ऑल पेजेस' नावाने दिसेल. एका पडद्यावर ३४५ नावं येतात, मग 'पुढील पान'. हा ३४५चा विचित्र आकडा मीडियाविकीच्या कोडमध्येच आहे, त्यामुळे यादी अर्धवट दिसली असं समजून घाबरू नका. तिरप्या अक्षरांतली नावं म्हणजे पुनर्निर्देशनं, नुसती दुसऱ्या पानाकडे पाठवणारी पानं. ती लपवायची खूण वर असते.

या यादीत वर एक खालीउघडणारा चौकोन असतो, त्यात नामविश्व, म्हणजे पानांचा प्रकार, निवडता येतं. इथेच पहिला घोळ होतो. नेहमीची पानं ० क्रमांकाच्या मुख्य नामविश्वात असतात, पण चित्रं ६ मध्ये, साचे (अनेक पानांत वापरायचे तयार तुकडे) १० मध्ये, वर्ग १४ मध्ये आणि चर्चापानं विषम आकड्यांत. कित्येक टीममध्ये खरा निर्णय चर्चापानावरच झालेला असतो आणि मुख्य पानावर दोन कोरड्या ओळी उरतात. प्रत्येक नामविश्वाची यादी वेगळी उघडून नावं एका साध्या टेक्स्ट फाइलीत चिकटवा. किती पानं आहेत तेही लिहून ठेवा.

मोजणीसाठी 'सांख्यिकी'च्या पानावर विसंबू नका. तिथला 'मजकुराची पाने' हा आकडा मूळ सेटिंगमध्ये फक्त ज्या पानांत निदान एक अंतर्गत दुवा आहे तीच पानं धरतो, आणि पुनर्निर्देशनं वगळतो. दुवा नसलेली, कुणीतरी घाईत टाकलेली साधी टिपणं त्यात नसतात. माझ्या अनुभवात तीच नंतर सगळ्यात जास्त शोधली जातात.

दुसरी पायरी: दहा पानांची रंगीत तालीम

सरळ मोठ्या विकीवर हात मारू नका. सरावाला मराठी विकिपीडिया आहेच. १ मे २००३ पासून सुरू आहे, सॉफ्टवेअर तेच, आणि दहा पानं निर्यात केल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

'विशेष पाने'मध्ये पाने निर्यात करण्याचं पान उघडा. मोठ्या चौकोनात एका ओळीत एक अशी शीर्षकं लिहायची. वर्गाचं नाव देऊन त्यातली पानं आपोआप भरायचीही सोय आहे. खाली तीन खुणा दिसतील: फक्त सध्याची आवृत्ती घ्यायची की पूर्ण इतिहास, सोबत साचे घ्यायचे का, आणि फाइल म्हणून जतन करायची का. सरावाला तिन्ही लावा आणि निर्यात करा.

वर्गाच्या सोयीत दोन खाचखळगे आहेत. एक, ती उपवर्गांत शिरत नाही. 'प्रकल्प' वर्गात 'जुने प्रकल्प' हा उपवर्ग असेल, तर त्याचं वर्गपान येईल, आतली पानं येणार नाहीत. दोन, मूळ सेटिंगमध्ये ५,००० पानांवर ती थांबते. म्हणून पहिल्या पायरीतली स्वतःची यादीच चिकटवलेली बरी.

आता मिळालेली एक्सएमएल फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. वर्डमध्ये नको. प्रत्येक पानासाठी एक 'पेज' टॅग दिसेल, त्यात 'टायटल', नामविश्वाचा आकडा, पानाचा आयडी, मग 'रिव्हिजन' आणि त्याच्या आत 'टेक्स्ट', म्हणजे पानाचा मूळ मजकूर विकीच्या खुणांसकट. पाच मिनिटं हे नुसतं वाचा. आणि मग अगदी शेवटच्या ओळीला जा. तिथे 'मीडियाविकी'चा बंद होणारा टॅग असलाच पाहिजे. मोठी निर्यात करताना सर्व्हरची वेळ किंवा मेमरी संपली की फाइल मध्येच तुटते आणि ब्राउझर मात्र 'डाउनलोड पूर्ण' म्हणून सांगतो. तो टॅग नसेल तर फाइल अर्धी आहे.

चित्रं? ती या फाइलीत नाहीत. माझा फ्लोचार्ट असाच गेला.

तिसरी पायरी: सगळा विकी एकदम

शंभर-दोनशे पानांचा विकी असेल तर वरच्याच पद्धतीने पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांत काम उरकेल. त्याहून मोठा असेल तर विकीटीमचं साधन घ्या. विकीटीम हा विकी जतन करणाऱ्या स्वयंसेवकांचा गट. त्यांची 'डंपजनरेटर' ही पायथॉनची स्क्रिप्ट जुनी आहे, आणि नव्या पायथॉनवर चालणारी तिची आवृत्ती 'विकीटीम३' नावाने मिळते. संगणकावर पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा बसवलेली असेल तर आज्ञांच्या खिडकीत 'पिप इन्स्टॉल विकीटीम३' एवढं पुरतं.

चालवताना आज्ञा म्हणजे 'विकीटीम३डंपजनरेटर' हे सलग नाव, पुढे विकीचा पत्ता, मग दोन हायफन लावून एक्सएमएल, आणि पुन्हा दोन हायफन लावून इमेजेस. हा दुसरा शब्द विसरलात तर तुमचाही फ्लोचार्ट गेला. इतिहास नको असेल तर तसेच दोन हायफन लावून 'कर्ओन्ली' जोडा, 'करंट ओन्ली'चं संक्षिप्त रूप. पुढचे पर्यायही असेच लिहायचे. मी शक्यतो इतिहास घेतो. कुणी, कधी आणि काय बदललं हे सहा महिन्यांनी विचारणारा माणूस हमखास निघतो.

टीमचा विकी लॉगिनमागे असणार. त्यासाठी ब्राउझरमधल्या कुकी एका टेक्स्ट फाइलीत काढून 'कुकीज' या पर्यायाला तिचं नाव द्यावं लागतं. ती फाइल म्हणजे तुमच्या खात्याची किल्लीच. काम झालं की पुसा आणि विकीतून लॉगआउट व्हा.

दोन गोष्टी आधी ठरवा. पहिली, डाउनलोड चालू असताना कुणी पानं बदलू नयेत. ॲडमिन हाताशी असेल तर तो सेटिंगमध्ये विकी फक्त वाचण्यापुरता करू शकतो. नसेल तर टीमला सांगून संध्याकाळी उशिरा करा. दुसरी, सर्व्हरला दमवू नका. छोट्या ऑफिसचा विकी अनेकदा कोपऱ्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या मशीनवर असतो. 'डिले' या पर्यायात दोन मागण्यांच्या मधले सेकंद देता येतात. तीन-चार सेकंद द्या. रात्रभर चालू दे, तुम्ही झोपा.

सकाळी उठल्यावर काम मध्येच थांबलेलं दिसलं तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. तीच आज्ञा 'रिझ्यूम' जोडून आणि 'पाथ'मध्ये आधीच्या फोल्डरचा पत्ता देऊन पुन्हा चालवायची. फोल्डरमध्ये शीर्षकांची एक टेक्स्ट फाइल असते, तिच्या शेवटच्या ओळीत डॅशांमध्ये 'एंड' लिहिलेलं असतं. ते नसेल तर यादीच पूर्ण उतरलेली नाही. असेल तर ती यादी तुमच्या पहिल्या पायरीतल्या यादीशी ताडून पाहा. फरक आला तर बहुधा एखादं नामविश्व सुटलं आहे.

इथे एक सांगून ठेवतो. हटवलेली पानं, सदस्यांची खाती आणि कुणाला काय दिसावं याच्या परवानग्या या मार्गाने येत नाहीत. त्या हव्या असतील तर डेटाबेसचीच प्रत लागते आणि तिला ॲडमिनशिवाय इलाज नाही.

एक फाइल, हजार फायली

आता हातात एक मोठी एक्सएमएल आहे. ती जपून ठेवा, पुढचं काहीही केलं तरी हिला हात लावू नका. उद्या नवा मीडियाविकी उभा केलात तर हीच फाइल आयात करून पानं पुन्हा जिवंत करता येतात. मार्कडाउनमधून (साध्या खुणांनी मजकूर मांडायच्या पद्धतीतून) ते नीट होत नाही.

पण लोकांना वाचायला पानागणिक फाइल हवी असते. त्यासाठी वीस-पंचवीस ओळींची पायथॉन स्क्रिप्ट पुरते: एक्सएमएलमधलं एकेक 'पेज' वाच, 'टायटल' वरून नाव कर, शेवटच्या 'रिव्हिजन'चा 'टेक्स्ट' त्या नावाच्या फाइलीत लिही. टीममधल्या कुणाही पायथॉनवाल्याला ही तीन वाक्यं सांगितलीत तर तो जेवणाच्या सुट्टीत लिहून देईल. तो जिथे फसेल ती जागा मात्र नावांची आहे, आणि मराठी शीर्षकं असतील तर दुप्पट फसेल. म्हणून इथे जरा थांबतो.

विंडोज फाइलीच्या नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण आणि दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेघा चालू देत नाही. विकीत ही सगळी चालतात. 'साचा:सूचना' किंवा 'प्रकल्प/बैठका' अशी नावं तर रोजची. अपूर्णविरामाच्या जागी हायफन टाका, तिरकी रेघ दिसली की फोल्डर करा किंवा तिथेही हायफन टाका, पण जे काही कराल ते सगळीकडे सारखं करा.

रोमन शीर्षकांत लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ होतो. मीडियाविकी पहिलं अक्षर सोडून बाकी ठिकाणी मोठी लिपी आणि छोटी लिपी वेगळी मानतो, विंडोज नाही. सगळी मोठी अक्षरं असलेलं 'एपीआय' हे पान आणि फक्त पहिलं मोठं असलेलं पान अशी दोन असतील, तर दुसरी फाइल पहिलीवर बसते. कुठलीही सूचना न देता.

आता लांबी. लिनक्सवर सहसा नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्त धरून, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत ३ बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हं. बरी वाटते. पण काही साधनं नावं पत्त्यात दिसतात तशी टक्क्यांच्या खुणांत लिहितात, आणि तेव्हा एका चिन्हाला ९ जागा लागतात. मग मर्यादा २८ चिन्हांवर येते. 'नवीन कर्मचाऱ्यांसाठी पहिल्या आठवड्याची कामे' हे अगदी साधं शीर्षक घ्या. ३९ चिन्हं आणि चार मोकळ्या जागा, टक्क्यांत ३५५. फाइल तयारच होणार नाही. मीडियाविकीची स्वतःची शीर्षकाची मर्यादाही २५५ बाइटच आहे, त्यामुळे काठोकाठ भरलेल्या शीर्षकाला नुसतं एक्स्टेंशन जोडलं तरी ते उतू जातं.

आणि आपला तो ऱ. वरच्या म्हणीतल्या 'पोहऱ्यात'मध्ये आहे, 'कर्मचाऱ्यांसाठी'तही आहे. काही कीबोर्ड त्यासाठी स्वतंत्र ऱ टाकतात, काही साध्या र पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. संगणकाला दोन वेगळी शीर्षकं. यादी ताडताना एखादं पान दोन्हीकडे 'गहाळ' दिसलं आणि डोळ्यांना मात्र नाव तेच वाटलं, तर हाच संशय घ्या.

या सगळ्यावर मी शेवटी एकच तोडगा ठेवला: नावाच्या सुरुवातीला पानाचा आयडी. प्रत्येक 'पेज'मध्ये तो असतो आणि दोन पानांचा कधी सारखा नसतो. '१४२-कर्मचारी-पहिला-आठवडा' अशी कापलेली नावं दिसायला सुबक नाहीत, पण एकमेकांवर बसत नाहीत. मूळ पूर्ण शीर्षक फाइलीच्या पहिल्या ओळीत लिहायचं.

मार्कडाउन करायचं असेल तर

विकीच्या खुणा सगळ्यांना वाचवत नाहीत. त्यासाठी पॅनडॉक वापरा. हे फुकट साधन मीडियाविकीचा मजकूर मार्कडाउन, वर्ड, एचटीएमएल अशा पुष्कळ रूपांत बदलतं. आज्ञा छोटी: पॅनडॉक, एक हायफन आणि एफ, पुढे मीडियाविकी, एक हायफन आणि टी, पुढे जीएफएम (गिटहबच्या धाटणीचं मार्कडाउन), मग मूळ फाइल, आणि शेवटी एक हायफन आणि ओ, पुढे नव्या फाइलीचं नाव.

तीन ठिकाणी हात लावावा लागतो. पॅनडॉक साचे उलगडत नाही. दुहेरी महिरपी कंसांत जे जे होतं ते नुसतंच राहतं किंवा गळून पडतं. टीमच्या विकीत 'ही माहिती जुनी आहे' असा लाल डबा बहुधा साच्यानेच लावलेला असतो, आणि तोच नाहीसा झाला तर वाचणारा जुनी माहिती ताजी समजेल. ज्या पानांत साचे जास्त आहेत ती विकीच्या एपीआयकडून (प्रोग्रामांनी माहिती मागायच्या दारातून) 'पार्स' करून, म्हणजे तयार एचटीएमएल रूपात घ्या आणि मग पॅनडॉकला द्या.

दुसरं चित्रांचं. चित्राचा दुवा म्हणून पॅनडॉक इंग्रजी 'फाइल' आणि 'इमेज' ओळखतो, शिवाय काही युरोपीय भाषांतले शब्द. मराठी विकीत आपण लिहितो ते 'चित्र:' त्या यादीत नाही. रूपांतराआधी सगळ्या फायलींत 'चित्र:'च्या जागी इंग्रजी 'फाइल' शब्द आणि अपूर्णविराम टाका, नाहीतर चित्रं डिस्कवर असूनही पानात दिसणार नाहीत.

तिसरं, अंतर्गत दुवे. पॅनडॉक त्यांच्यापुढे अवतरणात 'विकीलिंक' असा शब्द ठेवतो आणि मोकळ्या जागांचे अंडरस्कोअर करतो. ही खूण भलतीच सोयीची: तो शब्द शोधायचा आणि दुव्यातलं शीर्षक तुमच्या नव्या आयडीवाल्या नावाने बदलायचं. त्यासाठी शीर्षक आणि फाइलनाव यांचा तक्ता लागतो, तो आधीच्या स्क्रिप्टकडूनच लिहून घ्या.

तुमचा विकी दुसरा असेल तर

डोकुविकीवाले नशीबवान. त्यांची पानं आधीच साध्या टेक्स्ट फायली असतात, 'डेटा' फोल्डरमधल्या 'पेजेस'मध्ये. ते आणि 'मीडिया' फोल्डर कॉपी करा, संपलं. नावं मात्र टक्क्यांच्या खुणांत दिसतील. गिटहबवरचा विकी म्हणजे एक गिट रिपॉझिटरीच, म्हणजे बदलांच्या नोंदींसह ठेवलेलं फोल्डर; क्लोन केला, म्हणजे त्याची प्रत घेतली, की इतिहासासकट येतो.

कॉन्फ्लुअन्समध्ये स्पेसच्या (तिथल्या पानांच्या गटाच्या) सेटिंगमधून एचटीएमएल निर्यात करता येते, पण तिचा हक्क तुमच्या खात्याला दिलेला असावा लागतो. आणि जी पानं तुम्हाला दिसत नाहीत ती गुपचूप वगळली जातात. कुठेही तसं लिहून येत नाही. म्हणून ज्याला सगळं दिसतं अशा खात्यातून करून घ्या. जोडलेल्या फायलींना मूळ नावांऐवजी आकडे मिळतात, तेव्हा फोल्डर उघडून गोंधळू नका.

शेवटची तपासणी

फोल्डर दुसऱ्या संगणकावर टाका, त्याचं वाय-फाय बंद करा, आणि टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाला समोर बसवा. त्याला तीन गोष्टी शोधायला सांगा: एक चित्र असलेलं पान, एक चर्चापान, आणि एका पानातून दुव्याने दुसऱ्या पानावर जाणं. नेट चालू ठेवलंत तर चित्रं जुन्या सर्व्हरवरून येत राहतील आणि सगळं ठीक वाटेल.

फोल्डरमध्ये 'आधी हे वाचा' नावाची फाइल ठेवा. तिच्यात कोणत्या तारखेला उतरवलं, विकीचा पत्ता काय होता, किती पानं मोजली, किती मिळाली, आणि जी मिळाली नाहीत त्यांची नावं. जुना सर्व्हर यानंतरही तीन-चार महिने चालू ठेवायला ॲडमिनला गळ घाला. फ्लोचार्ट मागणारा माणूस साधारण तेवढ्यात उगवतो.